फोनचं गाव कुठलं?

प्रस्तावना

राजारामपुरीतल्या काउंटरवर वापरलेला फोन घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. बॅटरी हेल्थ किती, डिस्प्ले ओरिजिनल आहे की बदललेला, बिल-बॉक्स आहे का, आणि शेवटी, किती सोडणार. हा फोन कुठल्या देशासाठी बनला होता, असं विचारणारा विरळा. त्याला दोष देता येत नाही. दुबईत घेतला काय, न्यू जर्सीत घेतला काय किंवा शाहूपुरीत घेतला काय, डबा तोच, नाव तेच आणि जाहिरातीतला नटही तोच. मग फोन वेगळा असेल अशी शंका यावी तरी कशावरून? कार्ड घालतात, शहरात फोन छान चालतो. मग एखाद्या रविवारी गगनबावड्याच्या वाटेवर शेजारी बसलेल्या मेव्हण्याच्या फोनला रेंज असते, आपल्याला नसते, आणि कार्ड मात्र दोघांचं एकाच कंपनीचं असतं. शिव्या टॉवरला पडतात.

टॉवर बहुतेक वेळा निर्दोष असतो. घाटात तो ८५० मेगाहर्ट्झवर बोलत असतो आणि परदेशातून आलेल्या त्या फोनला ८५० ऐकूच येत नसतं. शहरात त्याच कंपनीचे १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झचे बँड असतात, त्यामुळे तिथं काही कळत नाही. हे पुस्तक अशा न कळणाऱ्या गोष्टीविषयी आहे: एका देशाचा फोन दुसऱ्या देशात का चालतो, का चालत नाही, आणि सर्वांत त्रासदायक म्हणजे, अर्धवट का चालतो.

अर्धवट चालणारा फोन हा मुख्य विषय का, ते आधी सांगतो. मुळीच न चालणारा फोन माणूस परत करतो. अर्धवट चालणारा फोन तो वर्षानुवर्षं वापरतो, कंपनी बदलतो, कार्ड बदलतो, सेटिंग रिसेट करतो, कव्हर काढून बघतो आणि शेवटी ‘आमच्या भागात नेटवर्कच नाही’ असं जाहीर करतो. इलेक्ट्रॉनिक्स शिकवताना आणि नंतर रिपेअरिंगच्या दुकानांत बसून मुलांशी गप्पा मारताना मला अशी माणसं सतत भेटत राहिली. त्यांना देण्याजोगं मराठी पुस्तक मिळेना.

कंप्रता या गोष्टीशी आपली ओळख मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे. आकाशवाणी सांगली मध्यम लहरींवर १२५१ किलोहर्ट्झवर लागतं, हे या भागातल्या जुन्या श्रोत्यांना पाठ आहे. आता हा १२५१ आकडा नवाने भागून बघा. बाकी उरत नाही. मुंबईचे १०४४ आणि ५५८ घ्या, पुण्याचे ७९२ घ्या, तेही नवाच्या पाढ्यातले. कारण आशिया, युरोप आणि आफ्रिकेत मध्यम लहरींची केंद्रं एकमेकांपासून नऊ-नऊ किलोहर्ट्झवर बसवली आहेत. अमेरिका खंडात हे अंतर दहाचं. म्हणून अमेरिकेतून आणलेला आकडेवाला डिजिटल रेडिओ इथे लावला, आणि त्याला नऊ-दहा बदलायचं बटण नसलं, की तो १०४० वरून थेट १०५० वर उडी मारतो. मुंबई मधल्या मध्ये राहून जाते. सांगलीचं नशीब बरं, १२५० वर जवळपास स्वच्छ ऐकू येतं. रेडिओ बिघडलेला नाही, केंद्रही बिघडलेलं नाही. दोघांनी मोजपट्टी वेगळी धरलेली आहे, एवढंच.

या मोजपट्ट्या कोण ठरवतं? कागदावर जिनिव्हातली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना. १९४७ साली अटलांटिक सिटीला भरलेल्या परिषदेत रेडिओ नियमांसाठी जगाचे तीन प्रदेश पाडले गेले. पहिल्यात युरोप, आफ्रिका, अरबी द्वीपकल्प आणि तेव्हाचा सोव्हिएत संघ. दुसऱ्यात दोन्ही अमेरिका. तिसऱ्यात इराणपासून पुढे भारत, चीन, जपान, ऑस्ट्रेलिया. म्हणजे कागदोपत्री दुबई एका प्रदेशात आणि कोल्हापूर दुसऱ्या. प्रत्यक्षात मात्र आखातात नोकरीला गेलेल्या माणसानं सुट्टीला येताना आणलेला फोन इथे नेहमीच सुखानं चालला, आणि आपल्याच प्रदेशात मोडणाऱ्या जपानात किंवा दक्षिण कोरियात आपला फोन कित्येक वर्षं मुका राहिला. नकाशावरून फोन घ्यायला निघालेल्याची फसगत होते ती अशी. जिनिव्हात ठरते ती चौकट. तिच्यात प्रत्येक देश आपापल्या सोयीनं सामान मांडतो, आणि सोय ही बहुतेक वेळा त्या जागी आधी कोण बसलं होतं यावर ठरते.

अमेरिकेची गोष्ट घ्या. तिथली पहिली व्यापारी मोबाइल सेवा १९८३ च्या ऑक्टोबरमध्ये शिकागोत सुरू झाली. तिच्यासाठी जागा काढली ती टीव्हीच्या यूएचएफ पट्ट्याच्या वरच्या टोकातून; चॅनेल ७० ते ८३ फारशी कुणी वापरत नव्हतं. त्यातून आला आज आपण ८५० म्हणतो तो बँड. युरोपात ९०० च्या आसपास मोकळी जागा होती, देश अनेक होते, आणि सीमा ओलांडली की फोन बंद पडणं त्यांना परवडणारं नव्हतं. त्यांनी मिळून जीएसएम नावाची पद्धत आखली आणि १९९१ च्या जुलैमध्ये फिनलंडमध्ये ती सुरू झाली. पुढे गर्दी वाढल्यावर युरोपनं १८०० घेतला, अमेरिकेनं १९००. दोन्ही खंडांनी दोन वेगळ्या जोड्या लावल्या आणि तिथून पुढे जगातल्या प्रत्येक फोनला यांपैकी एका घरात जन्म घ्यावा लागला. एका फोनमध्ये चारही बसवायची सोय व्हायला बरीच वर्षं गेली.

मिरज जंक्शन ज्यांनी जुन्या काळी पाहिलंय त्यांना हे चटकन उमगेल. ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ एका स्टेशनात. इंजिनात वाफ कितीही असो, आपल्या मापाच्या रुळावरून जेवढं जाता येईल तेवढंच त्याचं जग. माप ठरलं ते कुठल्या कंपनीनं पहिला रूळ टाकला त्यावरून. प्रवाशाला कुणी विचारलं नव्हतं.

भारतानं पहिला रूळ युरोपच्या मापाचा टाकला. १९९४ चं दूरसंचार धोरण आलं, खासगी कंपन्यांना परवाने मिळाले, पद्धत ठरली जीएसएम आणि बँड ९००. ३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन केला, तो देशातला पहिला मोबाइल कॉल. तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. १ मे २००३ पासून ते बंद झालं. पण मला इथे त्या काळातली दुसरीच एक गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण तिचा फटका कोल्हापूरला थेट बसला.

परवान्यांसाठी देशाचे ‘सर्कल’ पाडले गेले. मुंबई वेगळं सर्कल, आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासकट दुसरं. त्यामुळे कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला दोनशेहून अधिक किलोमीटरवरची पणजी घरची झाली आणि चाळीस-एक किलोमीटरवरची निपाणी परकी. कागल ओलांडलं की फोन रोमिंगमध्ये. ऊस, तंबाखू, गूळ, लग्नसोयरीक, बाजार, सगळं अलीकडे-पलीकडे चालणाऱ्या टापूत हे घडत होतं. कागल, गडहिंग्लज, चंदगडच्या सीमेलगतच्या गावांत तर माणूस आपल्या ओसरीवर बसलेला असायचा आणि फोन शेजारच्या राज्यातला टॉवर धरून बसायचा. ज्या वेळी रोमिंगमध्ये कॉल घेण्याचेही पैसे लागत, त्या वेळी ‘मॅन्युअल नेटवर्क सिलेक्शन’ हे सेटिंग या पट्ट्यातल्या अडाणी म्हणवणाऱ्या माणसांनाही बोटावर ठाऊक होतं. पुण्यातल्या इंजिनिअरांना ते माहीत नसायचं, त्यांना गरजच नव्हती. २०१६-१७ मध्ये कंपन्यांच्या चढाओढीत देशांतर्गत रोमिंगचे पैसे गेले आणि हे ज्ञानही हळूहळू गेलं. सीमेवर दोन्ही बाजूंना बँड तेच होते, पद्धत तीच होती. अडचण निव्वळ कागदावरच्या रेषेची होती. पुस्तकात बँडची अडचण आणि कागदाची अडचण यांत मी सतत फरक करतो, तो इथून सुरू होतो.

मग २००३ साली आपल्याकडे अमेरिकेचा रूळही आला. पाचशे एक रुपयांत हातात फोन देणाऱ्या रिलायन्सची ती जाहिरात कुणी विसरलं नसेल. तो फोन सीडीएमए पद्धतीचा, टाटा इंडिकॉमचाही तसाच, आणि दोन्ही चालत अमेरिकेच्या जुन्या ८५० च्या पट्ट्यात, ज्याला आपल्याकडे ८०० म्हणायची चाल पडली. सुरुवातीच्या त्या हँडसेटमध्ये कार्डच नसे. नंबर फोनच्या पोटात लिहिलेला. कंपनी सोडायची तर फोनही सोडायचा. कितीतरी घरांत ते फोन पुढे पोरांची खेळणी झाले.

यातून भारतात एक विचित्र संसार उभा राहिला. अमेरिकेच्या ८५० मध्ये टॉवर फोनशी बोलतो ८६९ ते ८९४ मेगाहर्ट्झवर. युरोपच्या वाढीव ९०० मध्ये फोन टॉवरशी बोलतो ८८० ते ९१५ वर. दोन्ही एका गावात आणले तर एकाचा टॉवर ज्या जागी ओरडतोय, त्याच जागी दुसऱ्याचा टॉवर कान लावून बसलेला. म्हणून आपल्याकडे ९०० चा बँड ८९० पासून सुरू केला गेला. खालची दहा मेगाहर्ट्झ युरोपसारखी वापरता आली नाहीत. दोन घरांची सून होण्याची ही किंमत. पण तिचा फायदाही झाला. सीडीएमए मावळल्यावर तोच ८५० चा पट्टा फोर-जीसाठी हाती आला. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ सुरू झालं ते १८०० आणि २३०० च्या जोडीला हा ८५० घेऊन, आणि डोंगरी भागात त्याचं पोहोचणं पुष्कळसं या खालच्या बँडवर उभं आहे. त्याचं तांत्रिक नाव बँड ५. सुरुवातीला सांगितलेल्या मेव्हण्याच्या फोनमध्ये हा बँड होता. युरोपात ८५० वापरला जात नाही, त्यामुळे तिथल्या काही मॉडेलांत तो बसवलेलाच नसतो.

खालचा बँड लांब का पोहोचतो, याचं गणित पहिल्या प्रकरणात आहे. इथे एवढंच: ७०० मेगाहर्ट्झची लहर साधारण ४३ सेंटीमीटर लांब, ९०० ची ३३, २३०० ची १३, आणि फाइव्ह-जीच्या ३५०० ची जेमतेम साडेआठ. लांब लहर झाडी, भिंत, डोंगराचा खांदा यांना वळसा घालून जाते. आखूड लहर तिथेच अडते, पण तिच्या पट्ट्यात जागा मुबलक असल्यानं ती एकाच वेळी पुष्कळ डेटा वाहते. संध्याकाळी रंकाळ्यावर हजारो माणसं रील बघत बसलेली असताना उपयोगी पडतो तो २३०० किंवा ३५००. राधानगरीच्या जंगलात उपयोगी ७०० आणि ८५०. चांगल्या फोनला दोन्ही लागतात. कुठल्या फोनमध्ये काय नाही हे कळलं, की त्याचा मालक कुठं रडणार हेही सांगता येतं.

कोरियाकडे वळतो, कारण कोल्हापूरचा आणि दक्षिण कोरियाचा संबंध बाहेरच्यांना वाटतो त्याहून जवळचा आहे. शिवाजी विद्यापीठात पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्रात पीएच.डी. करून पुढच्या संशोधनासाठी कोरियाला जायचं, ही आपल्याकडे आता रुळलेली वाट आहे. थिन फिल्मवर काम केलेल्या मुलांना तिथल्या प्रयोगशाळांत मागणी असते. पण जी मुलं या वाटेनं लवकर गेली, त्यांचा इथला नोकिया तिथे उतरल्यावर गजर लावण्यापुरता उरला. कोरियानं १९९६ मध्ये सीडीएमएची व्यापारी सेवा सुरू केली, आणि जीएसएम कधी आणलंच नाही. म्हणजे बँड जुळण्याचा प्रश्न नंतरचा, भाषाच वेगळी. त्यावर आणखी कुलूप होतं. तिथले फोन एका ठरावीक देशी सॉफ्टवेअरसह विकण्याची सक्ती २००९ पर्यंत होती, आणि कंपनीच्या यादीत नसलेला हँडसेट नेटवर्कवर घेतला जात नसे. ते २०१२ मध्ये सैल झालं. मधल्या काळात २१०० चं थ्री-जी पसरलं, तेव्हा कुठे आपल्याकडचे थ्री-जी फोन तिथे बोलू लागले. आज तिथल्या फोर-जीत बँड १, ३, ५ आणि ८ आहेत. आपल्या साध्या फोनमध्येही नेमके हेच असतात. एकेकाळी सर्वांत परका असलेला देश आज फोनच्या बाबतीत कोल्हापूरकराला अमेरिकेपेक्षा सोपा झालाय, आणि ही माहिती मुलांना तिथे पोचल्यावरच कळते.

अमेरिकेचं उलट झालं. लेकाकडे किंवा लेकीकडे सहा महिने राहायला जाणारे आई-वडील आता आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या हातात दहा-बारा हजारांचा फोन असतो आणि त्यात बहुधा बँड १, ३, ५, ८, ४० आणि ४१ असतात. भारतात या सहांवर फारसं काही अडत नाही. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांचा भार आहे २, ४, १२, १३, ६६, ७१ अशा बँडांवर. दोन याद्या शेजारी ठेवल्या की सामाईक उरतात ५ आणि ४१, तेही कंपनी पाहून. घराच्या दारात दोन कांड्या आणि तळघरातल्या खोलीत शून्य, असं होतं ते म्हणून. लाकडी घरं, जाड भिंती वगैरे कारणं नंतरची.

त्यातल्या त्यात फसवा आकडा ७०० चा. अमेरिकेत ७०० आहे, आपल्याकडेही ७०० आहे, मग जुळायला हवं. जुळत नाही. आशिया-पॅसिफिक देशांनी २०१० मध्ये या पट्ट्याची मांडणी ठरवली: फोन बोलणार ७०३ ते ७४८ वर, टॉवर ७५८ ते ८०३ वर. हा बँड २८. भारतानं हाच घेतला. अमेरिकेनं तोच पट्टा आधीच तुकडे करून विकला होता. तिथे बँड १२ मध्ये टॉवर ७२९ ते ७४६ वर बोलतो, म्हणजे आपल्या फोननं बोलायच्या जागेत, आणि बँड १३ मध्ये तर वर-खाली उलटंच: टॉवर खाली, फोन वर. दुकानदार ‘७०० सपोर्ट आहे’ म्हणाला तर कुठला ७००, हे विचारायला हवं. आपल्याकडे बीएसएनएलच्या फोर-जीत ७०० चा वाटा मोठा आहे आणि जिओनं तो फाइव्ह-जीसाठी घेतलाय, त्यामुळे येत्या काळात गावाकडच्या माणसाला हा प्रश्न अधिकच नडणार.

‘मग सगळे बँड सगळ्या फोनमध्ये का घालत नाहीत?’ हा प्रश्न मला प्रत्येक वर्गात विचारला गेलाय. त्याचं उत्तर फोन उघडल्याशिवाय पटत नाही. रिपेअरिंगच्या टेबलावर मायक्रोस्कोपखाली मदरबोर्ड धरा, हॉट एअरनं नेटवर्क सेक्शनवरचं शिल्डिंग उचला. मध्ये पीए आयसी, ज्याला आपले कारागीर अजून जुन्या सवयीनं पीएफओ म्हणतात, अँटेना स्विच, आणि भोवती तांदळाच्या कणीहून बारीक चौकोनी तुकड्यांची रांगोळी. त्यातले पुष्कळसे फिल्टर. प्रत्येक फिल्टर एका बँडचा पहारेकरी. आपली कंप्रता आत सोडायची, बाकीची दाराबाहेर ठेवायची. नवा बँड म्हणजे नवा फिल्टर, नवी जागा, नवा खर्च आणि अँटेनाची नवी डोकेदुखी. म्हणून कंपनी एकच बोर्ड छापते आणि देशागणिक पार्ट कमी-जास्त बसवते. नीट बघितलं तर काही ठिकाणी सोल्डरिंगचे पॅड चकाकत असतात आणि वर पार्टच नसतो. ती रिकामी जागा दुसऱ्या कुठल्यातरी देशाच्या बँडची. फोनचं गाव कुठलं, हे तिथं वाचता येतं.

ज्यांना वाटतं की फ्लॅशिंग करून सगळं होतं, त्यांना हे पॅड दाखवावेत. पार्ट असूनही कंपनीनं सॉफ्टवेअरनं झाकून ठेवलेला बँड कधीकधी उघडता येतो, हे खरं. पण पार्टच नसेल तर कुठलंही बॉक्स, कुठलीही फाइल काही करू शकत नाही, आणि तसं सांगून पैसे घेणारा गिऱ्हाइकाला गंडवतो.

तशीच गोंधळाची दुसरी जागा म्हणजे ‘अनलॉक’. अमेरिकेत हप्त्यावर मिळणारा फोन त्या कंपनीच्या कार्डालाच बांधलेला असतो. तो सोडवायला एकेकाळी आपल्या बाजारात कार्डाखाली घालायच्या पातळ पट्ट्या मिळत, गेवी आणि आर-सिम नावाच्या; दर अपडेटला त्या मरत आणि माणूस पुन्हा दुकानात. सिमलॉक काढला म्हणजे फोन मोकळा झाला, बँड काही वाढले नाहीत. या दोन गोष्टी एकच समजून घेतलेले महागडे फोन मी पुष्कळ पाहिले. आणि आता तर कार्डाचाच प्रश्न मिटलाय. मुलानं पाठवलेला नवाकोरा आयफोन घेऊन एक काका दुकानात आले होते. ‘पोरानं अमेरिकेतनं धाडलाय, एवढं कार्ड बसवून दे की बाबा.’ दुकानातला पोरगा फोन चारी कडांनी फिरवून बघतोय. ‘काका, ह्याला कार्ड घालायला भोकच न्हाई.’ काकांना वाटलं चेष्टा करतोय. अमेरिकेत विकले जाणारे आयफोन २०२२ च्या चौदाव्या मालिकेपासून ट्रेशिवायच येतात, फक्त ई-सिमवर. ते इथे चालतं, पण काकांच्या दुसऱ्या साध्या फोनमध्ये कार्ड आलटून-पालटून घालायची सवय तिथेच संपली.

बँड जुळले, कुलूप निघालं, तरी फोन लागेलच असं नाही, ही गेल्या काही वर्षांतली नवी भानगड. पूर्वी फोर-जी फक्त इंटरनेटला होतं, कॉल आला की फोन गुपचूप टू-जी किंवा थ्री-जीवर उतरायचा. जिओकडे उतरायला खालची पायरीच नव्हती. कॉल फोर-जीवरूनच, म्हणजे व्होल्टीवर. २०१६ मध्ये कितीतरी चांगल्या फोर-जी फोनांवर इंटरनेट धावायचं आणि कॉल लागायचा नाही, वेगळं ॲप टाकावं लागे. आज तीच पाळी जगभर आली आहे. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्री-जी बंद केलं. ऑस्ट्रेलियात २०२४ च्या ऑक्टोबर अखेर ते संपलं, आणि ज्या फोनवरून आणीबाणीचा ट्रिपल झिरो कॉल फोर-जीवर लागू शकत नाही तो नेटवर्कवर ठेवायचाच नाही, असा नियम तिथे झाला. मेलबर्नला लेकीकडे गेलेल्या माणसाचा फोन तिथे व्हॉट्सॲपसुद्धा करू देईना, असं त्यामुळे होऊ शकतं. व्होल्टीला कंपनी आणि हँडसेट यांच्यात आधी जुळवणी झालेली असावी लागते. अमेरिकेतली एखादी कंपनी आपल्या यादीत नसलेल्या मॉडेलला दारातूनच परत पाठवते. याविषयीचं प्रकरण लिहिताना मला सर्वांत जास्त कष्ट पडले, कारण इथे भौतिकशास्त्राचा काही संबंध नाही आणि याद्या सारख्या बदलतात.

फाइव्ह-जीनं सगळं एकसारखं होईल असं सांगितलं जात होतं. काही अंशी झालंही. आपल्याकडे २०२२ च्या लिलावानंतर १ ऑक्टोबरला सेवा सुरू झाली, मुख्य बँड एन ७८, ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झ. युरोप आणि आखातही जवळपास इथेच आहेत. अमेरिका पुन्हा थोडी वर, ३७०० च्या पुढे. ते विमानांच्या उंची मोजणाऱ्या यंत्राच्या ४२०० ते ४४०० या पट्ट्याच्या अधिक जवळ जातं, म्हणून २०२२ च्या जानेवारीत एअर इंडियानं अमेरिकेची काही उड्डाणं रद्द केली होती. काहीशे मेगाहर्ट्झचं अंतर कुणाला एवढं भोवेल असं आधी वाटलं नसतं.

युरोपच्या संदर्भात एक कोल्हापुरी टीप, पुस्तकात ती कुठे बसली नाही म्हणून इथे. मोबाइलची कव्हरं, चार्जर, केबल घाऊक भावात घ्यायला जिल्हाभरातले दुकानदार गांधीनगरला जातात. दुसऱ्या महायुद्धात तिथेच, वळिवड्याला, १९४३ ते १९४८ या काळात पाचेक हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती; ते गेल्यावर फाळणीत घर सुटलेली सिंधी कुटुंबं त्या बराकींत आली आणि बाजार उभा राहिला. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये छावणीत लहानपण काढलेली पोलिश मंडळी पुन्हा वळिवड्याला येऊन गेली. ९००, १८००, २१००. पोलंडचे आणि कोल्हापूरचे बँड इतके सारखे आहेत की त्यांना आपले फोन बदलायचं कारण नव्हतं.

फोन घ्यायच्या आधी काय बघावं, त्याचं प्रकरण मुद्दाम शेवटी न ठेवता दुसरं ठेवलंय, कारण घाईतला वाचक तेवढंच वाचणार. सॅमसंगच्या मॉडेल क्रमांकातलं शेवटचं अक्षर बघा: बी म्हणजे आंतरराष्ट्रीय, यू अमेरिकेचा, एन कोरियाचा. आयफोनचा मॉडेल क्रमांक सेटिंगमध्ये मिळतो. *#०६# दाबून आयएमईआय काढा, बॉक्सशी ताडून बघा, आणि १४४२२ वर केवायएम लिहून पुढे तो नंबर पाठवा. चोरीचा किंवा बनावट असला तर कळतं. आयएमईआयचा हा आग्रह आपल्याकडे २००९ च्या अखेरीस सुरू झाला. नंबर नसलेल्या किंवा सगळी शून्यं असलेल्या चायना फोनांचे कॉल तेव्हा बंद केले गेले आणि अधिकृत केंद्रांवर नवा नंबर टाकून घ्यायला रांगा लागल्या. मोठ्या आवाजाचे, चार स्पीकरवाले ते फोन आपल्याकडे ट्रॅक्टरवर फार वाजले होते.

मागच्या कोष्टकांत कंपनीवार आणि देशवार बँड दिले आहेत. त्यांतले भारतीय कंपन्यांचे बँड महाराष्ट्र सर्कलचे आहेत. मुंबई आणि कर्नाटकाचं वाटप वेगळं आहे, त्यामुळे निपाणी-बेळगावच्या वाचकांनी आपली पानं वेगळी बघावीत. लिलाव झाले की हे आकडे बदलतात. उपग्रह फोन मी मुद्दाम घेतलेले नाहीत: थुराया किंवा इरिडियमचा हँडसेट परवानगीशिवाय भारतात आणणं गुन्हा आहे. परदेशातून येणाऱ्या पाहुण्यांना हे ठाऊक नसतं आणि विमानतळावर त्यांची अडचण होते, तेव्हा निघण्याआधीच त्यांना सांगून ठेवावं.